आणीबाणी, सेन्सॉर आणि एक छोटे मासिक

आणीबाणी आणि वृत्तपत्रे हा विषय निघाला की लोकांना ‘इंडियन एक्स्प्रेस’चा कोरा अग्रलेख आठवतो. २८ जून १९७५ च्या अंकात अग्रलेखाच्या जागी नुसता पांढरा कागद होता. दरवर्षी जूनच्या अखेरीस त्या पानाचे छायाचित्र हातोहात फिरते. त्या पांढऱ्या जागेला धैर्य लागले होते, यात वाद नाही. पण तिचे कौतुक करताना एक प्रश्न विचारायचा राहून जातो. पुढचे वीस-एकवीस महिने या देशातल्या मोठमोठ्या दैनिकांनी अग्रलेखाच्या जागेत काय छापले? त्याचे उत्तर फार अभिमानाने सांगावे असे नाही. जे अभिमानाने सांगता येते त्यातले बरेचसे घडले ते मुंबई, पुणे आणि गुजरातेतल्या चिमुकल्या नियतकालिकांत आणि उच्च न्यायालयांच्या दालनांत. मोठ्या दैनिकाच्या एका दिवसाच्या रद्दीत बुडून जाईल एवढाच त्यांचा खप होता.

सुरुवातीचा घटनाक्रम वाचकांना पाठ आहे. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. २५ तारखेला रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांची सभा झाली आणि त्याच रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांची घोषणापत्रावर सही झाली. त्या रात्री दिल्लीतल्या बहादुरशाह जफर मार्गावरच्या वृत्तपत्रांची वीज तोडण्यात आली. सकाळी लोकांच्या हाती पेपर पडू नये आणि धरपकडीची बातमी फुटू नये, एवढाच त्यामागचा साधा हिशेब होता. तरीही ‘स्टेट्समन’ आणि ‘हिंदुस्थान टाइम्स’ निघाले. त्यांची कार्यालये कॅनॉट प्लेसच्या बाजूला होती आणि तिकडची वीज नवी दिल्ली नगरपालिकेकडून येत होती. हुकूमशाहीलाही नगरपालिकेची हद्द आडवी येते ती अशी.

दुसऱ्या दिवशी ‘भारत संरक्षण व अंतर्गत सुरक्षा नियमां’खाली सेन्सॉरशिपचा आदेश निघाला. माहिती व नभोवाणी खाते इंद्रकुमार गुजराल यांच्याकडून काढून लगेचच विद्याचरण शुक्ल यांच्याकडे देण्यात आले. गुजराल मवाळ वृत्तीचे, संपादकांशी बोलणारे-चालणारे गृहस्थ होते. शुक्ल यांना बोलण्या-चालण्यात रस नव्हता. मुख्य सेन्सॉर म्हणून हॅरी डिपेन्हा दिल्लीत बसले आणि राज्याराज्यांत त्यांचे हाताखालचे अधिकारी नेमले गेले.

सेन्सॉर म्हणजे लाल पेन्सिल घेतलेला एक अधिकारी, असे चित्र आपल्या मनात असते. प्रत्यक्षातला त्रास समजायचा तर त्या काळचा छापखाना डोळ्यांसमोर आणावा लागेल. मजकूर लायनो यंत्रावर शिशाच्या ओळींत ओतला जाई, छोट्या ठिकाणी तर हाताने खिळे जुळवले जात. गॅलीप्रूफ काढून माणसाबरोबर सेन्सॉरच्या कचेरीत पाठवायचे, तिथे थांबायचे आणि शिक्का बसला की परत आणायचे. त्यात चार ओळी कापल्या गेल्या की पानाच्या चौकटीत चार ओळींचे भगदाड पडे. ते तसेच सोडायची सोय नव्हती, कारण पहिल्या काही दिवसांतल्या कोऱ्या जागा पाहून सरकारने कोरी जागा सोडण्यावरही बंदी घातली होती. रवींद्रनाथ, गांधी किंवा नेहरू यांची स्वातंत्र्यावरची वचने छापून ती जागा भरावी, तर त्यालाही मनाई झाली. मग रात्री अकरा-बाराला फोरमन भरताड शोधत बसे. त्या भरताडासाठी वीसकलमी कार्यक्रमाच्या बातम्या हव्या तेवढ्या तयार असत. वाचकाला सकाळी सलग, गुळगुळीत पान दिसे. आपल्यापासून काहीतरी लपवले गेले आहे याचा मागमूसही त्यावर नसे. खरा डाव हा होता. कापलेले दिसू द्यायचे नाही, एवढी काळजी घेतली की बाकीचे आपोआप साधते.

दुसरे हत्यार घड्याळाचे. दैनिकाचा मजकूर अडवायची गरज नसते, तो उशिरा परत केला तरी काम भागते. डाक आवृत्तीची गाडी चुकली की बाहेरगावच्या एजंटाकडे गठ्ठा दुपारी पोचतो आणि दुपारी पोचलेले सकाळचे वर्तमानपत्र कोणी घेत नाही. ‘एक्स्प्रेस’च्या वाट्याला पुढे हा प्रकार बराच आला.

नियम तरी काय होते? संसदेच्या वृत्तांतापुरते पाहिले तरी पुरे. मंत्र्यांची निवेदने पूर्ण किंवा थोडक्यात छापता येत. इतर सभासदांचे भाषण छापायचे नाही. बोलणाऱ्याचे नाव, पक्ष आणि तो बाजूने बोलला की विरोधात, एवढेच द्यायचे. न्यायालयाच्या बातमीत न्यायाधीशांचे आणि वकिलांचे नाव आणि आदेशाचा शेवटचा भाग. लोकसभेत विरोधी बाकावरचा माणूस उठून काय म्हणाला हे देशाला कळण्याचा रस्ता बंद झाला. ज्याचे बोलणे बाहेर जाणारच नाही त्याला सभागृहात बोलू द्यायला सरकारची काय हरकत असणार?

डिसेंबर १९७५ मध्ये तीन वटहुकूम एकदम निघाले. एकाने ‘आक्षेपार्ह’ मजकूर छापणे कायमचे बेकायदा केले, दुसऱ्याने प्रेस कौन्सिल मोडीत काढले आणि तिसऱ्याने १९५६ चा संसदीय कामकाज प्रसिद्धी संरक्षण कायदा रद्द केला. हा तिसरा कायदा संसदेत खासगी विधेयक म्हणून आणला होता फिरोज गांधींनी. सभागृहात जे बोलले जाते त्याचा सद्हेतूने दिलेला खरा वृत्तांत छापल्याबद्दल संपादकावर खटला होऊ नये, इतकाच त्याचा आशय. पुढे दीडेक वर्षाने याच फिरोज गांधींनी लोकसभेत मुंदडा प्रकरण उघडे केले, न्या. छागला यांच्या आयोगाने त्याची जाहीर चौकशी केली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावे लागले. संसद, वृत्तपत्र आणि न्यायाधीश हे तिघे एकाच दिशेने चालले तर सासऱ्याच्या सरकारातला मंत्रीही टिकत नाही, हे जावयाने दाखवून दिले होते. तो कायदा पुसून टाकण्याचे काम त्यांच्या पत्नीच्या सरकारने केले. एवढी नाट्यमय गोष्ट एखाद्या कादंबरीकाराने लिहिली असती तर अतिरंजित म्हणून आपण हसलो असतो.

फेब्रुवारी १९७६ मध्ये पीटीआय, यूएनआय, समाचार भारती आणि हिंदुस्थान समाचार या चारही वृत्तसंस्था एकत्र करून ‘समाचार’ नावाची एकच संस्था उभी केली गेली. टेलिप्रिंटरवर येणारी बातमी एकाच नळाने येऊ लागली, म्हणजे सेन्सॉरचे अर्धे काम तिथेच आटोपले.

मोठ्या दैनिकांबद्दल पुढे लालकृष्ण अडवाणी यांनी संपादकांना सुनावले, की तुम्हाला फक्त वाकायला सांगितले होते, तुम्ही सरपटू लागलात. हे वाक्य गाजले ते खरे होते म्हणून. तरी त्यात संपादकांच्या वाट्याला जरा जास्त आणि मालकांच्या वाट्याला जरा कमी आले असे मला वाटते. बहुतेक मोठी दैनिके उद्योगपतींच्या मालकीची होती. त्यांच्या गिरण्या, कारखाने, परवाने, कर्जे सगळे दिल्लीच्या मर्जीवर चाले. वर्तमानपत्राचा कागद कोट्याने मिळे, सरकारी जाहिराती एका खात्याकडून वाटल्या जात. सरकारने वृत्तपत्रांची स्नेही, विरोधी, तटस्थ अशी यादीच करून ठेवली होती आणि त्या यादीप्रमाणे जाहिरातींची तोटी उघडे किंवा बंद होई. ज्याचा जीव पाच ठिकाणी अडकलेला आहे तो सहाव्या ठिकाणी शूर होत नाही. संपादक बिचारा पगारी नोकर. शौर्याची अपेक्षा त्याच्याकडून, आणि चाव्या मालकाकडे.

‘एक्स्प्रेस’चे मालक रामनाथ गोएंका हे अपवाद. त्यांच्याबद्दल बरेवाईट बरेच बोलता येईल, पण त्या काळात हा म्हातारा हटला नाही हे मान्य करावे लागते. ‘एक्स्प्रेस’च्या संचालक मंडळावर सरकारच्या मर्जीतली माणसे बसवली गेली, के. के. बिर्ला अध्यक्ष झाले, संपादक मुळगावकरांना जावे लागले. जाहिराती गेल्या. दिल्ली महापालिकेने थकबाकीचे निमित्त करून छापखान्याला सील ठोकले आणि न्यायालयात जाऊन ते काढून घ्यावे लागले. अबू अब्राहम यांचे व्यंगचित्र याच दैनिकात १० डिसेंबर १९७५ ला आले. राष्ट्रपती न्हाणीघरातल्या टबात बसून वटहुकमावर सही करत आहेत आणि आणखी वटहुकूम असले तर त्यांना थांबायला सांगा, म्हणत आहेत. ते सेन्सॉरच्या नजरेतून कसे सुटले याचे नवल वाटते. ‘स्टेट्समन’चे सी. आर. इराणीही बऱ्यापैकी टिकून राहिले. दिल्लीत कुलदीप नय्यर यांनी पत्रकारांना जमवून निषेधाचे पत्र काढले आणि ते तुरुंगात गेले. त्यांच्या पत्नीच्या अर्जावर त्यांच्या बाजूने निकाल देणाऱ्या न्या. रंगराजन यांची बदली गुवाहाटीला झाली. देशभर अडीचशेच्या वर पत्रकार आत होते. परदेशी बातमीदारांना देश सोडायला लावला गेला, त्यात बीबीसीचे मार्क टली होते. ‘शंकर्स वीकली’ ऑगस्ट १९७५ मध्येच बंद झाले.

आता मुंबईकडे येऊ.

मिनू मसानी हे नाव आजच्या पिढीला फारसे ठाऊक नाही. तरुणपणी नाशिक रोडच्या तुरुंगात जयप्रकाशांबरोबर समाजवादी पक्षाची स्वप्ने पाहिलेला हा पारशी बॅरिस्टर १९४३ मध्ये मुंबईचा महापौर झाला, पुढे घटना समितीत बसला, ब्राझीलला राजदूत म्हणून गेला आणि मग समाजवादाशी काडीमोड घेऊन राजाजींच्या स्वतंत्र पक्षाचा पुढारी झाला. १९७१ च्या इंदिरा लाटेनंतर राजकारणातून जवळजवळ निवृत्तच झालेला. ‘फ्रीडम फर्स्ट’ हे त्यांचे इंग्रजी मासिक १९५२ पासून निघत होते. उदारमतवादी विचारांचे, थोडक्या लोकांचे, थोडक्या पानांचे. मसानींना कारखाना नव्हता, परवाना नको होता आणि निवडणूक लढवायची नव्हती. त्यांच्याकडून काढून घेण्यासारखे सरकारजवळ फारसे काही नव्हते. सत्तरीला आलेल्या माणसाला एवढी मोकळीक पुरते.

त्यांनी अंकाचा मजकूर नियमाप्रमाणे मुंबईतले सेन्सॉर बिनोद राव यांच्याकडे धाडला. रावांनी त्यातला बराच मजकूर नामंजूर केला. बहुतेक संपादक अशा वेळी चरफडून पुढच्या अंकाला लागत. मसानी उच्च न्यायालयात गेले आणि सोली सोराबजी यांनी त्यांची बाजू मांडली.

या दाव्याची खुबी पाहण्यासारखी आहे. आणीबाणीत घटनेतले एकोणिसावे कलम, म्हणजे भाषणस्वातंत्र्य, स्थगित झालेले होते. माझा मूलभूत हक्क हिरावला, असे म्हणून न्यायालयाच्या दारात उभे राहायला जागाच नव्हती. म्हणून दावा उलट्या बाजूने उभा केला गेला. हक्काची गोष्टच काढायची नाही. सेन्सॉरला जो आदेश आणि जे नियम अधिकार देतात, ते कशासाठी देतात? देशाचे संरक्षण, सार्वजनिक सुरक्षितता, सुव्यवस्था वगैरे ठरावीक हेतूंसाठी. मग या मजकुराने त्यातले काय धोक्यात येते ते दाखवा. सरकारवर टीका आहे म्हणून कापले, असे असेल तर सेन्सॉरने स्वतःच्याच आदेशाची हद्द ओलांडली. सरकारला सरकारच्याच कागदाने बांधायचे, असा हा डाव होता.

एकसदस्य पीठापुढे मसानी जिंकले. सेन्सॉरने अपील केले. १० फेब्रुवारी १९७६ ला न्या. डी. पी. मादन आणि न्या. एम. एच. कानिया यांनी अपिलाचा निकाल दिला आणि तोही मसानींच्या बाजूने. हे तेच मादन, ज्यांनी १९७० च्या भिवंडी दंगलीची चौकशी करून कोणाचीही भीड न ठेवता अहवाल लिहिला होता. निकालाची भाषा त्या काळाच्या मानाने थक्क करणारी आहे. सगळ्या नियतकालिकांनी एकाच वाऱ्याच्या रोखाने शिडे वळवावीत, एका रांगेत चालावे आणि एका सुरात बोलावे, हे पाहण्यासाठी सेन्सॉर नेमलेला नाही, असे त्यांनी म्हटले. लोकमत एका साच्यात ओतणे हे त्याचे काम नाही. सेन्सॉरला लोकशाहीची दाई म्हणून नेमले आहे, तिचे थडगे खोदणारा म्हणून नाही. मतभेद कडक शब्दांत मांडला एवढ्यावरून तो छापू न देण्याचे कारण होत नाही. आणीबाणी असली तरी कायदेशीर मार्गाने सरकारवर टीका करणे, त्याच्या धोरणांना आणि खुद्द आणीबाणीलाही नावे ठेवणे, हा गुन्हा ठरत नाही.

हा निकाल कुठल्या इमारतीत लागला? मुंबई उच्च न्यायालयाच्या त्याच इमारतीत, जिथे १९०८ च्या जुलैत ‘केसरी’तल्या लेखांसाठी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्या वेळी ज्युरीचा कौल सात विरुद्ध दोन असा गेला होता. १९५६ मध्ये मुख्य न्यायाधीश छागला यांनी त्या दालनाबाहेर टिळकांच्या उद्गारांची संगमरवरी पाटी बसवून न्यायालयाच्या वतीने जणू परिमार्जन केले होते. आणीबाणीत हेच छागला पंचाहत्तरीत होते आणि गप्प बसलेले नव्हते. ऑक्टोबर १९७५ मध्ये अहमदाबादला नागरी स्वातंत्र्य परिषद झाली, तिथे ते, न्या. जे. सी. शहा आणि वि. म. तारकुंडे बोलले. गुजरातेत तेव्हा बाबूभाई पटेलांचे बिगरकाँग्रेसी सरकार होते म्हणून ती परिषद होऊ तरी शकली. ‘भूमिपुत्र’ या सर्वोदयी नियतकालिकाने तिचा वृत्तांत छापला आणि सेन्सॉर त्यावर तुटून पडला. त्याचे संपादक चुनीभाई वैद्य गुजरात उच्च न्यायालयात गेले. तिथेही न्या. जे. बी. मेहता आणि न्या. एस. एच. शेठ यांनी सेन्सॉरची मार्गदर्शक सूत्रे फेटाळली. न्या. शेठ यांची बदली मग आंध्रला झाली. मुंबईत वकिलांच्या एका खासगी सभेवर पोलीस आयुक्तांनी घातलेली बंदीही उच्च न्यायालयाने याच सुमारास मोडून काढली.

यावरून न्यायसंस्था ताठ उभी होती असे समजू नये. मसानींच्या निकालानंतर तीनच महिन्यांच्या आत, २८ एप्रिल १९७६ ला, सर्वोच्च न्यायालयाने बंदिवानाला कोर्टात दादच मागता येणार नाही, असे चार विरुद्ध एक मताने सांगून टाकले. विरोधात एकटे न्या. खन्ना. त्यांना सरन्यायाधीशपद मिळाले नाही. वरचे न्यायालय खचले आणि खालची काही उच्च न्यायालये टिकली. वृत्तपत्रांतही असेच झाले. त्यामागचे कारणही मला सारखेच वाटते, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मुंबईत मसानी एकटे नव्हते. ए. डी. गोरवाला हे निवृत्त आयसीएस अधिकारी ‘ओपिनियन’ नावाचे चार पानांचे साप्ताहिक काढत. छापखानेवाले घाबरून नकार देऊ लागले तेव्हा त्यांनी ते सायक्लोस्टाइल करून वर्गणीदारांना पाठवले. राजमोहन गांधी यांच्या ‘हिम्मत’चीही तीच गत. एकेक छापखाना दारे लावून घेऊ लागला. इथे सेन्सॉरने छापखान्याला काही लिहून देण्याची गरज नव्हती. मालकाला एक फोन पुरे. शेवटी ‘हिम्मत’ने वाचकांकडे हात पसरला आणि वाचकांच्या लहान लहान रकमांतून स्वतःचे छपाई यंत्र घेतले. अ. भि. शहांचे ‘क्वेस्ट’ मात्र १९७६ मध्ये थांबले. पुण्याला यदुनाथ थत्ते ‘साधना’चे संपादक होते. साने गुरुजींचे ते साप्ताहिक; त्यातले निम्मे लेखक आणि वाचक तुरुंगात किंवा भूमिगत. समाजवादी नेत्या मृणाल गोरे कित्येक महिने पोलिसांना गुंगारा देत फिरत होत्या. तशाही स्थितीत ‘साधना’ने आपला सूर बदलला नाही.

मराठी साहित्यिकांनी काय केले, हे विचारले की कराडचे संमेलन पुढे येते आणि ते योग्यच आहे. डिसेंबर १९७५ मध्ये कराडला अध्यक्षा होत्या दुर्गा भागवत आणि स्वागताध्यक्ष खुद्द यशवंतराव चव्हाण, म्हणजे इंदिराबाईंच्या मंत्रिमंडळातले परराष्ट्रमंत्री. जयप्रकाश तेव्हा मूत्रपिंडाच्या विकाराने मुंबईच्या जसलोक रुग्णालयात होते. दुर्गाबाईंनी त्या मांडवात त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली आणि लेखनावरच्या बंधनांबद्दल जे बोलायचे ते स्पष्ट बोलल्या. लोकसाहित्य आणि ऋतूंवर लिहिणाऱ्या या विदुषीला पुढे एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातून पोलीस घेऊन गेले. त्यांच्या आधी आणि नंतर मराठीतल्या कितीतरी बड्या लेखण्या मुकाट होत्या, हेही त्याच संमेलनाच्या हिशेबात मांडले पाहिजे.

आणि पवनारची गोष्ट. विनोबांच्या तोंडचे ‘अनुशासन पर्व’ हे शब्द घेऊन सरकारने भिंती रंगवल्या होत्या. जून १९७६ मध्ये विनोबांनी गोहत्याबंदीसाठी उपोषणाचा इरादा जाहीर केला. तो त्यांच्या आश्रमाच्या ‘मैत्री’ या मासिकात छापला गेला. पोलीस आश्रमात आले आणि अंक जप्त करून घेऊन गेले. ज्याच्या शब्दांवर सरकार उभे होते त्याचेही शब्द आता सरकारला नको होते.

इतके सगळे करून सरकारने मिळवले काय? माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग इथे आहे. लोकांपासून बातम्या दडवण्यात सरकारला बऱ्यापैकी यश आले. पण सरकारही शेवटी वर्तमानपत्रेच वाचते. एप्रिल १९७६ मध्ये दिल्लीत तुर्कमान गेटला बुलडोझर फिरले, गोळीबार झाला; पेपरात काही नाही. ऑक्टोबरमध्ये मुझफ्फरनगरला नसबंदीच्या सक्तीविरुद्ध लोक उठले, गोळ्या चालल्या. पेपरात काही नाही. १९७५–७६ मध्ये देशात सुमारे २६ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या होत्या, पुढच्या वर्षी तो आकडा ८२ लाखांवर गेला. हे आकडे दिल्लीत यश म्हणून मांडले जात. आपल्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर करून राष्ट्रपतींकडे धाडले. त्याला संमती मिळाली नाही, हे आपले नशीब. त्या ८२ लाखांतल्या किती जणांना शिक्षक, तलाठी आणि पोलिसांनी ओढून नेले, हे सांगणारी एक ओळही पंतप्रधानांच्या टेबलावर सकाळी येत नव्हती. जिल्हाधिकारी वरच्याला आवडेल ते लिहीत होता, ‘समाचार’ तेच छापायला देत होती आणि दैनिके तेच छापत होती. खेड्यातली माणसे रात्री ट्रान्झिस्टर कानाला लावून बीबीसी ऐकत. त्यांना बातमी पंतप्रधानांच्या आधी कळत असे.

१८ जानेवारी १९७७ ला इंदिरा गांधींनी निवडणूक जाहीर केली, ती हरण्यासाठी नक्कीच नाही. गुप्तचरांचा अंदाजही जिंकण्याचाच होता, असे त्या काळातल्या अनेकांनी लिहून ठेवले आहे. सेन्सॉरची पकड सैल झाली आणि अवघ्या दोन महिन्यांत जे साचले होते ते बाहेर आले. ‘एक्स्प्रेस’चा खप भराभर वाढला. ६ फेब्रुवारीला दिल्लीत जगजीवनराम आणि जयप्रकाशांची सभा होती, तेव्हा दूरदर्शनने ‘बॉबी’ चित्रपट दाखवला. लोक घरी बसले नाहीत, चालत सभेला गेले. महाराष्ट्रात पु. ल. देशपांडे आणि दुर्गाबाई सभा घेत फिरले. पुलंना ऐकायला जमणारी गर्दी हसायला येई आणि गंभीर होऊन जाई.

मार्चमध्ये निकाल लागले. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये काँग्रेसला एकही जागा नाही. रायबरेलीत इंदिरा गांधींना हरवून राजनारायण ५५ हजारांवर मतांनी निवडून आले. महाराष्ट्रात ४८ पैकी २० जागा काँग्रेसने राखल्या, पण मुंबईच्या सहाही गेल्या. त्यातल्या एका जागी मृणाल गोरे होत्या.

नव्या सरकारने आक्षेपार्ह मजकुराचा कायदा रद्द केला, फिरोज गांधींचा कायदा परत आणला आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्याचे तत्त्व ३६१-अ या कलमाच्या रूपाने थेट घटनेत बसवले. ‘समाचार’ मोडून वृत्तसंस्था पुन्हा वेगळ्या झाल्या. प्रेस कौन्सिल पुन्हा उभे राहिले. न्या. जे. सी. शहा यांच्या चौकशी आयोगाने सेन्सॉरच्या कारभाराचा पंचनामा केला. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीमुळेच आता युद्ध किंवा परकी आक्रमण असेल तरच एकोणिसावे कलम स्थगित होते. कागदोपत्री १९७५ ची पुनरावृत्ती अवघड झाली आहे. मालकांचे धंदे, सरकारी जाहिराती आणि छापखान्याला जाणारा फोन यांबद्दल मात्र घटनेत दुरुस्ती होऊ शकत नव्हती आणि झालीही नाही.

बिनोद राव विरुद्ध मसानी हा निकाल ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’च्या ७८ व्या खंडात पान १२५ पासून आहे. भाषा कायद्याची असली तरी सोपी आहे. आपल्या ओळखीत एखादा वकील असेल तर त्याच्याकडून तो मिळवा, आणि शक्य झाले तर आपल्या मुलांनाही वाचायला द्या.